सोयाबीनमध्ये लपायचं कुठं?

धाराशिवकडच्या तरुण कवींच्या प्रेमकविता हल्ली वाचतो आणि चिडतो. पान उलटावं तिथं मोगरा, प्राजक्त, समुद्राची गाज. मृग कोरडा गेला तर टँकर सुरूच राहतात अशा जिल्ह्यातला प्रियकर कडव्याकडव्याला रिमझिमीत भिजतोय! लग्नपत्रिकेवरच्या वेलबुट्टीसारखा हा निसर्ग. नवरा-नवरी बदलली तरी नक्षी तीच.

विरहाला निसर्ग लागतो तो सजावटीला नव्हे, अडवणूक करायला. ‘गाथासप्तशती’ला हे ठाऊक होतं. ती आपल्याला परकीही नाही. ती घडली त्या सातवाहनांच्या काळात आपलं तेर भरभराटीची पेठ होती. त्यातली एक गाथा आठवा. साळीचं शेत पिकून पांढरं पडू लागलंय आणि एक पोर मान खाली घालून रडतेय. सुगीच्या तोंडावर रडू कशाचं? कापणी झाली की भेटायची जागा गेली. सखी समजूत घालते, अगं, पलीकडं ताग पिवळाधमक फुललाय ना! सगळी ओढ पिकाच्या उंचीवर तोललेली. चंद्र नाही, उसासा नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांत चांदणं आणि चंदनच सोसवेनासं होतं. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रान आणि बाई एकाच श्वासात येतात. जानेवारी २०२० मध्ये इथं झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटनही त्यांनीच केलं. पण त्यांचं रान पळसखेड्याचं. ते इथं उचलून आणणं ही मोगऱ्याइतकीच उसनवारी.

रविकिरण मंडळ आता पाठांतरापुरतं उरलंय. ग्रेसांचं धुकं ग्रेसांनाच शोभलं. गझलवाल्यांचा चंद्र तर वृत्त भरायलाच उगवतो.

मग काय, मोगऱ्याला बंदी? अजिबात नाही. लावा, पण त्याला पाणी कुणी घातलं तेही येऊ द्या. आणि जरा शेताकडं बघा. ज्वारी डोक्याच्या वर जायची. खरिपात आता जिकडंतिकडं सोयाबीन, फार तर मांडीला लागणारं. त्यात ससा लपेल, दोन माणसं नाहीत. गाथेतल्या पोरीचं रडू आज बालाघाटावर पुन्हा खरं झालंय आणि कवी प्राजक्त वेचतोय! दसऱ्यानंतर भूम, वाशी, कळंबकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवसभर शेजारी राबायचं आणि रात्री पाचटाच्या कोपीत एकांत नाही. जवळ असून होणारा हा विरह या कवितांत मला तरी सापडत नाही.

कुणी म्हणेल, शेतीची कविता वेगळी, प्रेमाची वेगळी. ही वाटणीच मला मान्य नाही. दुष्काळावर लिहिताना याच कवींना बोअर किती फूट गेला ते तोंडपाठ असतं. तीच नजर प्रेयसीकडं वळली की आंधळी का होते? दुष्काळ लिहिला की पुरस्कार, प्रेम लिहिलं की लाइक, एवढाच हिशोब असेल तर तसं कबूल करावं. नसेल तर दिवाळी अंकांच्या संपादकांनी तरी प्रेमकविता हातात पडताच कवीला विचारावं, तुझ्या शेतात आत्ता काय उभं आहे?