चौथरा आणि वाळू

सार्वजनिक शिल्प समुद्रकाठी उभे राहिले की निव्वळ आकारमानाचा मोठेपणा त्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. नगरातील चौकात पुतळ्यामागे इमारती असतात. तेथील मोजमाप माणसानेच घालून दिलेले असते. किनाऱ्यावर क्षितिजाची एकच आडवी रेषा असते. तिच्याशी शिल्पाने कोणते नाते जोडले, हा त्याच्या परीक्षणातील पहिला प्रश्न होय.

देवीप्रसाद रायचौधुरी यांच्या 'श्रमविजय' या शिल्पाचे अनावरण 25 जानेवारी 1959 रोजी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मरीना किनाऱ्यावर झाले. चार श्रमिक आणि एक प्रचंड शिळा, एवढाच त्याचा विषय. स्थळ समर्पक खरे. 1923 साली सिंगारवेलू यांनी मे-दिन साजरा केला तो याच नगराच्या किनाऱ्यावर. ब्राँझमधील या देहांची सारी शक्ती त्यांच्या तिरप्या रेषांत एकवटली आहे. पाठीचे, पोटऱ्यांचे स्नायू इतके ताणलेले आहेत, की पाहणाऱ्याचा श्वासही क्षणभर अडकावा. शीर्षक मात्र विजयाचे आहे आणि शिल्पात विजय कोठेच नाही. शिळा अद्याप हलावयाची आहे. ही विसंगती दोष मानण्याचे कारण नाही. किंबहुना शीर्षकाची आज्ञा पाळली असती, तर शिल्पाचे घोषणाफलक होण्यास वेळ लागला नसता.

उणीव असलीच तर ती निराळी आहे. याच वाळूवर कोळी आपल्या होड्या खांदा लावून ओढतात, आणि त्या श्रमाची सावलीसुद्धा या रचनेत पडलेली नाही. उंच चौथऱ्याने शिल्पाला किनाऱ्यापासून अलग केले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या आवारात याच शिल्पाची प्रतिकृती आहे, आणि समुद्रावाचून तेथे तिचे काही अडत नाही.

रायचौधुरी 1929 पासून मद्रासच्या कलाविद्यालयाचे प्राचार्य होते. के. सी. एस. पणिक्कर हे त्यांचे शिष्य, आणि पणिक्करांचे शिष्य कानायी कुञ्ञिरामन. या शिष्याच्या शिष्याने 1992 साली तिरुवनंतपुरमच्या शंखुमुखम् किनाऱ्यावर 'सागरकन्यका' पूर्ण केली. सुमारे 87 फूट लांबीची ही काँक्रीटची स्त्री जमिनीवर पहुडली आहे. कटी, खांदा, गुडघा यांचे चढउतार एकात एक मिसळत जातात आणि क्षितिजाच्या आडव्या रेषेला देहाचीच आडवी लय उत्तर देते. मद्रासचे स्नायू येथे नाहीत. तपशिलाचा मोह सोडल्यामुळेच एवढा विस्तार पेलला गेला आहे. मावळतीचा उजेड अंगावरून सरकू लागला की या लयीचा अर्थ उलगडतो. हे शिल्प दुसरीकडे नेता येणार नाही.

परंतु ज्या परिसराने त्याला अर्थ दिला, त्या परिसराच्या स्वाधीनही ते झाले आहे. 2020 साली शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक हेलिकॉप्टर प्रदर्शनार्थ मांडण्यात आले, तेव्हा कुञ्ञिरामन यांनी जाहीर आक्षेप घेतला. तो कलावंताचा रुसवा म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. जेथे जमिनीचा उतार आणि मोकळे आकाश हीच शिल्पाची सामग्री, तेथे शेजारी आणून ठेवलेली वस्तू शिल्पातच ढवळाढवळ करीत असते. शंखुमुखम् येथील वाळूही गेल्या काही वर्षांत समुद्राने बरीच ओढून नेली आहे. मरीनावरील चौघांच्या भोवती काहीही मांडले तरी ते शिळेशीच झुंजत राहतील. त्यांचा चौथरा तेवढ्यापुरता त्यांच्या कामी आला आहे.