बारा महिने, एकच बाई

जानेवारी आला की वाचनाचे संकल्प सुटतात. त्यातला एक जगभर चालतो: 'रीड ख्रिस्ती'. अगाथा ख्रिस्तीचं साहित्य सांभाळणारी कंपनी दर महिन्याला एक विषय देते, तुम्ही त्यात बसणारं एक पुस्तक वाचायचं. वर्षाला बारा. तिच्या रहस्यकादंबऱ्या 66, म्हणजे साडेपाच वर्षांचा ऐवज.

माझं म्हणणं असं, की आव्हान घ्या, पण विषयांची यादी बाजूला ठेवा. पुस्तकं लिहिली गेली त्या क्रमाने बारा निवडा. विषयवार वाचलं की प्रत्येक पुस्तक एक सुटं कोडं होतं. सोडवलं, टिकमार्क केली, पुढे. क्रमाने वाचलं की कोड्यांच्या मागची बाई दिसू लागते, आणि वर्षभर एकाच लेखकाला देण्याचा फायदा असेल तर तो एवढाच.

सुरुवात 'द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'पासून करा. 1920 साली आलेलं हे पुस्तक तिने पहिल्या महायुद्धात लिहिलं, टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम करत असताना. त्यातलं विष इतकं चोख आहे ते त्यामुळे. पण आपल्यासारख्यांनी विषापेक्षा प्वारोकडे बघावं. तो इंग्रज नाही. युद्धामुळे घर सुटलेला बेल्जियन निर्वासित आहे आणि गावातल्या दुसऱ्याच्या घरात राहतो. त्याचं इंग्रजी अडखळतं, फ्रेंच शब्द मध्येच घुसतात, लोक मनातल्या मनात हसतात. 1930च्या दशकातल्या 'थ्री अ‍ॅक्ट ट्रॅजेडी'त तो स्वतःच सांगतो, की त्याला चांगलं इंग्रजी येतं, पण मोडकं बोललं की इंग्रज माणूस गाफील राहतो. परदेशात मीटिंगमध्ये आपला अ‍ॅक्सेंट लपवत बसलेल्या कुणालाही ही युक्ती ऐकून बरं वाटेल. शाळेत असताना वाचलेला प्वारो मिशांचा होता, आता वाचाल तो स्थलांतरिताचा आहे.

एप्रिल-मेपर्यंत तुम्ही 1930च्या दशकात पोचाल आणि तिथे आपला भूगोल सुरू होतो. 1928मध्ये ख्रिस्ती एकटी बगदादला गेली. 1930मध्ये उरच्या उत्खननावर तिला मॅक्स मॅलोवन भेटला, त्याच वर्षी लग्न झालं. मग 'मर्डर इन मेसोपोटेमिया' (1936), 'डेथ ऑन द नाइल' (1937), 'अपॉइंटमेंट विथ डेथ' (1938). मी हे अल मनखूलमध्ये बसून लिहितेय. इथे खिडकीतून दिसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दुसऱ्या कुठल्यातरी देशातून आलेला आहे, आणि इमारत चालते ती रखवालदार, सफाईवाले, डिलिव्हरीवाले यांच्या जोरावर. इथून 'मर्डर इन मेसोपोटेमिया' वाचताना एक गोष्ट टोचते. उत्खननावर स्थानिक मजूर आहेत, स्वयंपाकी आहेत, मडकी धुणारा अब्दुल्ला नावाचा मुलगा आहे. खून झाल्यावर खरा संशय मात्र फिरतो तो युरोपियन-अमेरिकन टेबलाभोवतीच.

हे वाचून लगेच 'वंशवादी' असा शिक्का मारून पुस्तक मिटू नका. तो शिक्का काही ठिकाणी योग्यच आहे. 1939च्या 'अँड देन देअर वेअर नन'चं मूळ ब्रिटिश शीर्षक आज छापता येत नाही. पण इथली गोष्ट जास्त बारीक आहे. ख्रिस्तीच्या जगात संशयित असणं हा एक मान आहे. ज्याच्यावर संशय येतो त्याला भूतकाळ मिळतो, हेतू मिळतो, राग मिळतो. अब्दुल्लाला यातलं काहीच मिळत नाही. आणि बाईंना हे पुरतं ठाऊक होतं. नोकराच्या कपड्यांतल्या माणसाचा चेहरा कुणी बघत नाही, या एका गोष्टीवर तिने एकाहून जास्त कथानकं उभी केली आहेत. कुणी दिसत नाही हे तिला दिसलं होतं, फक्त ती त्यापुढे गेली नाही. तुमच्या लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का, हा प्रश्न मग पुस्तकाबाहेर येतो.

आता डिसेंबर. शेवटी दोन पुस्तकं लागोपाठ वाचा. 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' 1972चं. त्यातली वयस्क लेखिका एरिअ‍ॅडनी ऑलिव्हर एका जुन्या मृत्यूबद्दल लोकांना विचारत फिरते आणि कुणालाच नीट आठवत नाही. तारखा जुळत नाहीत, संवाद गोल गोल फिरतात. 2009मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या इयन लँकशर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांची भाषा संगणकावर मोजली. उतारवयातल्या पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या घटलेली, तेच शब्दसमूह पुन्हा पुन्हा आलेले, 'थिंग'सारखे मोघम शब्द वाढलेले. स्मृतिभ्रंशाची शक्यता त्यांनी मांडली. तिचं असं निदान तिच्या हयातीत कधी झालं नव्हतं, त्यामुळे हा पुरावा फक्त भाषेचा आहे, डॉक्टरचा नाही.

लगेच नंतर 'कर्टन' वाचा. प्रकाशन 1975चं, पण लिहिलंय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि मग तिजोरीत ठेवलेलं. वाक्यं एकदम घट्ट होतात. छापलेल्या तारखांत तीन वर्षांचं अंतर, लेखिकेच्या वयात तीसेक वर्षांचं. हा फरक कळायला संगणक लागत नाही, आधीची दहा पुस्तकं वाचलेली असावी लागतात. आठवड्याला एकदा घरी फोन लावणाऱ्या आपल्याला हे कान कामाला येतील. आईबाबा तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असतील, तर 'हो, सांगितलंस मागे' म्हणून घाईने पुढे जाण्याआधी जरा थांबून ऐकावं, एवढं तरी हे वर्ष शिकवतं.

तुम्ही विचाराल, मराठीत असं वर्ष करता येईल का? नाव अर्थात बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, 1906 ते 1996. झुंजार आणि काळापहाड यांचे जनक. त्यांच्या नावावर हजाराच्या वर रहस्यकथा आहेत. महिन्याला एक धरली तर ऐंशी वर्षांहून जास्त. म्हणजे पूर्ण वाचन विसरा, पण बारा नक्की जमतील.

अडचण वेगळी आहे. ख्रिस्तीची ओळ न् ओळ जपली गेली म्हणून तिचे शब्द मोजता आले. अर्नाळकरांच्या पातळ पुस्तिका लायब्ररीत हातोहात फिरून झिजल्या. आपल्याकडे त्यांना 'वाङ्मय' म्हणायला लोक बिचकले, आणि जे वाङ्मय नाही ते जपायचं कशाला, असं ठरलं. त्यामुळे मराठीतल्या या सगळ्यात भरघोस लिहिणाऱ्या माणसाची भाषा काळानुसार कशी बदलली, हे विचारायलाच आज साहित्य हाताशी नाही.

म्हणून सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची खोकी उघडा. अर्नाळकर सापडला तर नाव, साल, प्रकाशक लिहून घ्या, आणि रद्दीत जाऊ देऊ नका. मग एक वाचा. पहिल्या पानावर खून पडलेला असेल तर पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.