दंतवैद्यक शिक्षणातील अध्यापकवर्ग आणि वांशिक वैविध्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
उच्च शिक्षणातील प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा विद्यार्थी-प्रवेशापाशीच थांबते. शिकविणारा आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविणारा अध्यापक कोणत्या समाजातून आला, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. अमेरिकेतील दंतवैद्यक शिक्षणाच्या आधारे या समजुतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
रॉबर्ट टॅनर फ्रीमन हे १८६९ मध्ये हार्वर्डमधून दंतवैद्यकाची पदवी मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी होत. १८७० चे पदवीधर जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट पुढे तेथेच अध्यापक झाले. दुभंगलेल्या टाळूवरील त्यांच्या कार्यास मान्यता मिळाली. हार्वर्डचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यापक होत. हा आरंभ गौरवास्पद खरा. परंतु एका नावाने परंपरा निर्माण होत नाही. पुढे दीर्घकाळ कृष्णवर्णीय दंतवैद्य घडविण्याचा मोठा भार हॉवर्ड (१८८१) व मेहॅरी (१८८६) येथील दंतवैद्यक विद्यालयांनीच वाहिला.

मूल्यमापन आणि सत्ता :
दंतवैद्यकात लेखी परीक्षेइतकेच हस्तकौशल्याला महत्त्व असते. दाताची पोकळी नीट कोरली गेली की नाही, हे परीक्षकाची नजर ठरविते. तेथेच पूर्वग्रहाला वाव मिळतो. एमोरी विद्यापीठाच्या दंतवैद्यक विद्यालयात १९४८ ते १९६१ या काळात ज्यू विद्यार्थ्यांना मोठ्या प्रमाणावर अनुत्तीर्ण केले गेले अथवा तेच वर्ष पुन्हा करावयास लावले गेले. विद्यापीठाने त्याबद्दल २०१२ मध्ये क्षमायाचना केली. या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला होता. न्याय मिळाला नाही. केवळ प्रवेशाच्या आकड्यांवरून वैविध्य मोजणे किती अपुरे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

आक्षेपाचा विचार :
अध्यापकाची निवड केवळ गुणवत्तेवर व्हावी, असा आक्षेप घेतला जातो. तत्त्वतः तो मान्य करावा लागेल. तथापि गुणवत्ता ठरविणारी निवड समिती एकाच समाजगटातील असेल, तर तिच्या निकषांचीही तपासणी आवश्यक ठरते. भारतात केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने अध्यापकपदांच्या आरक्षणासाठी विभागाऐवजी संस्था हे एकक मानले. मोजकीच पदे असलेल्या विभागांत आरक्षण कागदावरच राहते, हे त्यामागील वास्तव होय.

निष्कर्ष :
सारांश, अध्यापकवर्गातील वैविध्य ही शोभेची बाब नसून न्याय्य मूल्यमापनाची एक आवश्यक अट आहे. मात्र ती एकमेव अट नव्हे. परीक्षार्थीची ओळख शक्य तेथे गुप्त ठेवणे, एकाहून अधिक परीक्षक नेमणे आणि गुणदानाचे निकष आधी जाहीर करणे, यांची जोड मिळाल्याशिवाय ते केवळ संख्येपुरतेच उरेल.