खापरपणजीचं काय झालं?

पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात एक बाई काचेच्या कपाटासमोर उभी आहे. आत पेरूमधली जुनी मातीची भांडी, माणसांचे चेहरे असलेली. काचेत तिचं प्रतिबिंब पडतं आणि त्या चेहऱ्यांत मिसळून जातं. तोच वर्ण, तीच ठेवण. आडनाव मात्र ती भांडी इथे आणणाऱ्या माणसाचं.

गाब्रिएला वीनर या पेरुवियन लेखिकेच्या ‘ऊआको रेत्रातो’ (२०२१) या कादंबरीची ही सुरुवात. इंग्रजीत ती ‘अनडिस्कव्हर्ड’ नावाने आली आणि २०२४ साली इंटरनॅशनल बुकरच्या पहिल्या यादीतही होती. ऊआको म्हणजे प्राचीन मातीचं भांडं. शार्ल वीनर हा लेखिकेचा खापरपणजोबा. (मराठीत या नात्यातच खापर आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.) जन्म व्हिएन्नाचा, ज्यू, नंतर फ्रेंच झालेला. १८७५ ते १८७७ या काळात तो पेरू आणि बोलिव्हियात फिरला, हजारो वस्तू फ्रान्सला नेल्या, १८८० मध्ये जाडजूड प्रवासग्रंथ काढला. माचू पिच्चूचं नाव त्याने ऐकलं, नकाशात टाकलं, पण तो तिथे पोचलाच नाही. हुआन नावाचा एक मुलगा त्याने आईकडून विकत घेतला आणि युरोपात नेला. पेरूत त्याचं स्वतःचं मूल मात्र मागे राहिलं.

त्या मुलाची आई मारिया रोद्रीगेस. लेखिकेचा पेरूमधला वंश तिच्यापासून सुरू होतो आणि तिच्याबद्दल हाती येतं ते जवळपास नावच. दिवसभर डेटाबेस सांभाळणाऱ्या मला हे चित्र ओळखीचं वाटलं: नोंद आहे, रकाने रिकामे. आमच्या घरच्या वंशावळीत तर नोंदही नाही. सात पिढ्या, सगळे पुरुष.

माझी तक्रार इथेच आहे. लेखिका शार्लवर चिडते, त्याची टर उडवते, आणि पानंही त्यालाच देते. कारण उघड आहे. त्याने लिहून ठेवलं, त्याचे फोटो आहेत, त्याच्या नावाचा संग्रह आहे. मारियाचं काहीच नाही. पण मग हे पुस्तक कादंबरी म्हणून छापलंय ना? कल्पनेची मुभा होती. ती शार्लच्या मनात शिरायला वापरली जाते, मारियाच्या दारापाशी मात्र लेखिका बिचकते. मी आधी याला प्रामाणिकपणा म्हणत होतो. दुसऱ्या वाचनात ती भीती वाटली: आपण बनवलेली खापरपणजीही संग्रहालयातली वस्तूच होईल, ही भीती.

पुस्तक खरं पेटतं ते जवळच्या माणसांवर. लेखिकेचा बाप नुकताच गेलाय. त्याचा दुसरा संसार होता आणि तिथे तो एका डोळ्यावर पट्टी बांधून वावरायचा. दुखणं काहीच नव्हतं! ही पट्टी मी विसरू शकत नाही. माद्रिदमध्ये नवरा आणि आणखी एका बाईबरोबर राहणारी लेखिका स्वतःच्या मत्सराबद्दल, खोटेपणाबद्दल इतकं उघडं लिहिते की काही पानं मी लोकलमध्ये फोन तिरपा धरून वाचली. बापाचं खोटं, आपलं खोटं आणि शार्लचं निघून जाणं ती एका रांगेत लावते. शार्लचा भाग त्यात सगळ्यात कोरडा आहे. बापाच्या प्रकरणांसाठी मात्र पुस्तक वाचाच. आणि वाचताना मारियाचं नाव कुठे कुठे येतं, तेवढं मोजा. मी मोजायला उशिरा सुरुवात केली.