सुनंदेने सांगितलेले दूरदेश

इंग्रजी कवितेला दूरदेशांच्या जुन्या नावांची भारी ओढ. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये (१६६७) देवदूत आदमला उंच डोंगरावर नेतो, तेव्हा कॅथे, समरकंद, आग्रा, लाहोर अशी नावांची रांगच लागते. कॅथे म्हणजेच चीन, हे बेंतो द गोइश या जेझुइटाने खुष्कीच्या वाटेने जाऊन सतराव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. तरी मिल्टन कॅथेची राजधानी आणि पेकिंग वेगवेगळी धरतो, आणि टेनिसन १८४२ साली छापलेल्या कवितेतही कॅथेच लिहितो. नकाशातून उठलेले नाव कवितेत टिकले, कारण या कवींपैकी कुणालाच तिथे जायचे नव्हते.

आपल्या वऱ्हाडातही एकदा दूरदेशांची अशी रांग लागली आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात विदर्भाची राजकन्या इंदुमती स्वयंवराच्या मंडपात उभी आहे. प्रतिहारी सुनंदा तिला एकेका राजापुढे नेते आणि त्याच्याबरोबर त्याचा देशही सांगते. मगध, अंग, अवंती, अनूप, शूरसेन, कलिंग, पांड्य.

यातला प्रत्येक देश इंदुमतीचे सासर होऊ शकतो. आदम नुसता पाहतो. हिला मात्र अशाच एका देशी जन्मभर नांदायचे आहे. म्हणून सुनंदा सैन्य, कोश, पराक्रम सांगून थांबत नाही, तिथले दिवस कसे जातील तेही सांगते. अवंतीचा राजा महाकालाच्या जवळ राहतो. शिवाच्या माथ्यावरच्या चंद्रामुळे त्याला कृष्णपक्षातही चांदणे मिळते. अनूपाच्या राजधानीत, माहिष्मतीत, वाड्याच्या खिडकीतून रेवा दिसते. शूरसेनात गेलीस तर पावसाळ्यात गोवर्धनाच्या गुहांत बसून मोरांचा नाच पाहशील.

मग कलिंग येतो, आणि इथे थांबायलाच हवे. राजाच्या महालाला समुद्र इतका लागून आहे की खिडकीतून लाटा दिसतात. प्रहर सांगणाऱ्या वाद्याची गरजच नाही, समुद्रच आपल्या गंभीर आवाजाने राजाला जागे करतो. किनाऱ्यावर ताडबनांची सळसळ आहे, आणि दुसऱ्या द्वीपांवरून लवंगेची फुले घेऊन येणारा वारा तिचा घाम टिपणार आहे. त्या द्वीपांना कालिदास नाव देत नाही. एवढी नावे सांगितल्यावर सर्वांत दूरचा देश तो बिननावाचा ठेवतो आणि त्याचा फक्त वास येऊ देतो. हा संयम मिल्टनजवळ नाही. समुद्र कधी न पाहिलेल्या मुलीपुढे हे बोलले जात आहे असे धरून वाचले, तर त्या वाऱ्याची झुळूक आपल्यालाही लागते. वर्धेच्या आणि पूर्णेच्या काठच्या वाचकाला तसे धरणे मुळीच जड नाही. (याच सर्गातली दीपशिखेची उपमा सर्वांना पाठ आहे, तिच्या उजेडात हे श्लोक झाकले जातात, याचे मला वाईट वाटते.)

आता उलट बाजू पाहा. बाहेरच्यांना आपला देशच दूरचा होता. स्वयंवराचे आमंत्रण घेऊन कोसलाच्या अयोध्येला जो दूत जातो तो भोजाचा, म्हणजे इंदुमतीच्या भावाचा. पाचव्या सर्गात कालिदास त्या राजाला ‘क्रथकैशिकांचा’ म्हणतो, त्याची राजधानी विदर्भाधिपतीची म्हणून सांगतो. कोसलाच्या दरबारात ‘क्रथकैशिक’ हा शब्द कानी पडला असेल तेव्हा त्यातल्या दणकट जोडाक्षराने विंध्यापलीकडचा मुलूख एकदम पुढे उभा राहिला असेल. ‘विदर्भ’ त्या मानाने मऊ. काव्यरीतींत वैदर्भीला पहिला मान मिळाला तो तिच्या सुकुमार गुणांसाठी, आणि या नावाचा नादही तिला शोभतो.

भोजांचे नाव नुसते काव्यातले नाही. दुसरा प्रवरसेन या वाकाटक राजाचा पाचव्या शतकातला ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडला. त्यात चर्मांक नावाचे गाव ‘भोजकट राज्या’त असल्याचे नोंदले आहे, म्हणजे महसुलाच्या कागदावर चालणारे हे नाव. कृष्णाकडून हरल्यावर रुक्मिणीचा भाऊ रुक्मी विदर्भाच्या राजधानीस, कुंडिनपुरास, परतला नाही, त्याने भोजकट वसवले, असे पुराण सांगते. ते भोजकट म्हणजे आजची भातकुली, असे मानतात. खारपाण पट्ट्यातले, कपाशी-तुरीचे हे तालुक्याचे गाव. कॅथे कुठे म्हणून विचारले तर कुठल्या शेताकडे बोट दाखवता येत नाही. भोजकटाकडे दाखवता येते.

सुनंदेने सांगितलेल्या या सात देशांपैकी एकही इंदुमतीने निवडला नाही; शेवटी ती अयोध्येच्या राजपुत्राबरोबर, अजाबरोबर, कोसलाला गेली, दशरथाची आई झाली. रामाची आजी विदर्भाची. भातकुली, तिवसा, अचलपूरकडच्या शाळांतून संस्कृत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: हा सर्ग मुलांपुढे मोठ्याने वाचा, आणि कलिंगाचे दोन श्लोक दोनदा वाचा.