ऐकण्याचे पुस्तक : 'श्यामची आई' आणि घरातील वाचन

'श्यामची आई' हे पुस्तक मराठी घराला नवे नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात ते मिळते, पहिल्या कम्युनिअनला एखादी मावशी ते भेट म्हणून देते आणि मग ते कपाटाच्या काचेआड जाऊन बसते. त्याच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक त्याला संस्कारांचा ठेवा मानून हात जोडतो, तर दुसरा त्यातील अश्रूंचा अतिरेक दाखवून ते बाजूला सारतो. दोन्ही पक्षांनी हे पुस्तक एकट्याने, मनातल्या मनात वाचलेले असते. आमच्या मते येथेच दोघांची गफलत होते. हे पुस्तक डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी आहे. घरात, मुलांना जवळ बसवून, मोठ्याने वाचले असता त्याचे गुण आणि दोष दोन्ही वेगळे दिसू लागतात. त्या कसोटीवर ते पारखून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

साने गुरुजींनी हे लेखन नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत केले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. पुस्तकाला प्रकरणे नाहीत. ४२ 'रात्री' आहेत. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर आश्रमात मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी ही मांडणी आहे. एक रात्र एका बैठकीत सहज संपते. वाक्ये आखूड आहेत, संबोधने पुष्कळ आहेत आणि एकच गोष्ट दोनतीनदा फिरवून सांगितलेली आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, हे खरे. परंतु ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी सांगणाऱ्यालाच मागे जाऊन यावे लागते. ज्याला टीकाकार शैलीतील सैलपणा म्हणतात, तो बऱ्याच अंशी बोलण्याचा धर्म आहे.

'अळणी भाजी' या रात्रीचे उदाहरण घेऊ. भाजीत मीठ घालायचे राहून जाते. पानावर बसलेल्यांना ते लगेच कळते, पण वडील मिठाचा शब्दही काढत नाहीत. घरातील रीतीप्रमाणे आई शेवटी जेवायला बसते, तेव्हा कुठे तिला चूक समजते आणि ती हळहळते. मोठ्या वाचकाला यातील बोध चटकन कळतो आणि तो पुढे जातो. पाच वर्षांच्या मुलाचे तसे नसते. 'आपल्याला ठाऊक आहे, पण आईला ठाऊक नाही' ही जाणीवच त्याला खिळवून ठेवते. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हे मुलाला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमगू लागते. वाचणाऱ्याने येथे क्षणभर थांबून 'आता आईला काय वाटेल?' एवढेच विचारावे. मूल जे उत्तर देईल, त्यात त्याच्या समजुतीची वाढ दिसेल.

या थांबण्याला अभ्यासकांचाही आधार आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेतील दोन-तीन वर्षांच्या मुलांबाबतचा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांची पुस्तके वाचताना आईवडिलांनी खुले प्रश्न विचारावेत, मुलाचे वाक्य थोडे वाढवून त्याला परत द्यावे, अशी शिकवण एका गटाला दिली होती. दुसऱ्या गटातील पालक नेहमीप्रमाणे वाचत राहिले. एका महिन्यातच पहिल्या गटातील मुले बोलण्याच्या क्षमतेत पुढे गेली. त्याआधी १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांना आणखी नवलाची गोष्ट आढळली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बालकाला ओळखू येतो आणि अनोळखी उताऱ्यापेक्षा ते त्याला अधिक पसंती देते. म्हणजे शब्दांचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी त्यांची लय घरच्या आवाजातून मुलाच्या कानी रुजते.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष उपदेशाचा. कितीतरी रात्रींत प्रसंग स्वतः पुरेसे बोलत असतानाही लेखक शेवटी त्याचे सार सांगतो. मोठ्याने वाचताना हा भाग मुलाच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो. त्याचे लक्ष उडते. तो भाग गाळावा, असे आम्ही निःसंकोचपणे सुचवतो. दुसरा दोष असा की, आश्रमातील श्रोते फारच शहाणे आहेत. ते श्यामला क्वचितच आडवे प्रश्न करतात. आपल्या घरातील श्रोते तसे नसतात, आणि नसावेत. 'श्यामचे पोहणे' या रात्री आई मुलाला मारून पाण्यात धाडते. 'तिने का मारले?' हा मुलाचा प्रश्न योग्य आहे आणि 'आईच ती' एवढ्या उत्तराने तो मिटवू नये. तिसरी गोष्ट अधिक अवघड. या पुस्तकात त्यागाचा सारा भार आईच्या खांद्यावर आहे. 'अळणी भाजी' ऐकताना एखादी मुलगी विचारील की, आई शेवटी का जेवते? त्या प्रश्नावर पुस्तक बाजूला ठेवून बोलावे. आणि वाचनाचे कामही आईवरच टाकले, तर आपण पुस्तकातील अन्यायच घरात चालवला असे होईल. वडिलांनी व आजोबांनीही वाचावे.

कोकणातील ब्राह्मण घराची व्रतवैकल्ये आपल्या मुलांना अनोळखी वाटतील. त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. शेजाऱ्याच्या घरातील भक्ती आदराने समजावून देण्याची ती संधी आहे.

वयाचा विवेक मात्र हवा. दोन वर्षांच्या मुलापुढे हे पुस्तक ठेवणे व्यर्थ आहे. त्याला मांडी, अंगाई आणि चित्रे हवीत. थोडे मोठे झाल्यावर विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) सारख्या संग्रहातील गमतीदार कविता द्याव्यात. 'मुकी फुले', 'पत्रावळ', 'अळणी भाजी' या रात्री पाचव्या-सहाव्या वर्षापासून ऐकवता येतील. कर्ज, आजार आणि मृत्यू यांनी भरलेल्या अखेरच्या रात्री मूल नऊ-दहा वर्षांचे झाल्यावर, आणि त्याही जवळ बसूनच, वाचाव्यात.

ऐकून वाढण्याची परंपरा आपल्या समाजाला परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यातील हजारो ओव्या समुदायासमोर म्हणण्यासाठीच रचलेल्या होत्या. जुन्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि तो म्हणणाऱ्यांच्या कंठातून. आज वसईतील घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, मुंबईत ईस्ट इंडियन बोली, आणि मूल शिकते इंग्रजी शाळेत. ग्रंथातील मराठी त्याला तिसरीच भाषा वाटते. ती भाषा आजीच्या ओळखीच्या आवाजात, अडलेल्या शब्दाला घरच्या बोलीतील प्रतिशब्द देत कानावर आली, तर तिचे परकेपण जाते. हे काम शाळा करू शकत नाही.

कोणी म्हणेल, आता ध्वनिमुद्रित पुस्तके आहेत. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी काढलेला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट आहे. २०२३ साली नवाही निघाला. ती सारी चांगली साधने आहेत. परंतु मुलाने 'थांब, पुन्हा सांग' म्हटले, तर तिथे त्याचे ऐकून घेणारे कोणी नसते. शिवाय मुलाला स्वतः वाचता आले की मोठ्याने वाचणे थांबवायचे, ही आपल्याकडील समजूतही चुकीची आहे. मुलाची वाचण्याची शक्ती त्याच्या ऐकून समजण्याच्या शक्तीमागून बरीच वर्षे चालत असते.

साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. पुस्तक लिहिले गेले ते त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी, तुरुंगात. तिचे बोलणे तोवर मुलाच्या कानात शाबूत होते, म्हणून पाच दिवसांत ते कागदावर उतरू शकले. वाङ्मय म्हणून या पुस्तकात उणिवा आहेत आणि त्या आम्ही दाखवल्या आहेत. तरीही रोजच्या कुटुंबप्रार्थनेनंतर वीस मिनिटे दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी बंद ठेवून एक रात्र वाचावी, एवढे त्याचे मोल निश्चित आहे. कपाट उघडून पहिल्या रात्रीपासून आरंभ करावा. कोणत्या रात्री गाळायच्या, हे श्रोते स्वतःच सांगतील.