इंग्रजी स्पेलिंग आणि देवनागरीची काठी

इंग्रजी विद्या आपल्या प्रांतात रुजून दोन शतके होत आली. तथापि तिच्या स्पेलिंगविषयीची आपली तक्रार पहिल्या दिवसाइतकीच ताजी आहे. उच्चारावे एक आणि लिहावे दुसरे, हा प्रकार ज्या मुलास बाराखडीची सवय लागली आहे त्यास अन्यायाचा वाटल्यास नवल नाही. ह्या तक्रारीवर एक उपाय वारंवार सुचविला जातो. तो असा की, मुलास प्रथम एखाद्या उच्चारानुसारी लिपीत इंग्रजी वाचावयास शिकवावे आणि वाचनाची गोडी लागल्यावर रूढ स्पेलिंगकडे वळवावे. इंग्लंडात हा उपाय गाजावाजा करून योजण्यात आला. आपल्याकडे तो कोणी नाव न देताच घरोघर योजीत आहे. त्याची खरी योग्यता किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम रोगाचे निदान पाहू. इंग्रजीत अक्षरे 26 आणि ध्वनी सुमारे 44. तेव्हा एका अक्षराने अनेकांची चाकरी करणे क्रमप्राप्तच होते. त्यात 1066 च्या नॉर्मन विजयाने फ्रेंच लेखनरीती आली. 1476 त कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, आणि ज्या काळात दीर्घ स्वरांचे उच्चार झपाट्याने पालटत होते त्याच काळात छापील शब्दांची रूपे गोठू लागली. 'नाइफ' शब्दातील आरंभीचा 'के' आणि 'नाइट' शब्दातील 'जी-एच' हे एके काळी उच्चारले जात; जीभ पुढे गेली, अक्षरे मागे राहिली. ह्याखेरीज पंडितांनीही आपला हातभार लावला. लॅटिन 'देबितुम्' चे स्मरण रहावे म्हणून 'डेट' मध्ये 'बी' बसविला गेला, आणि 'आयलंड' मध्ये 'एस' तर केवळ चुकीच्या व्युत्पत्तीने शिरला. 1755 साली डॉ. जॉन्सनचा कोश निघाला तेव्हा ह्या साऱ्या जुन्या-नव्या सामानावर प्रतिष्ठेचा शिक्का बसला.

सुधारकांची परंपराही ह्या रोगाइतकीच लांब आहे. लघुलेखनाचा जनक आयझॅक पिटमन ह्याने 1837 साली आपली ध्वनिलेखनपद्धती प्रसिद्ध केली आणि पुढे एलिस ह्या विद्वानाच्या साह्याने छपाईसाठीही उच्चारानुसारी वर्ण तयार केले. अमेरिकेत वेब्स्टरने काही शब्दांची छाटणी केली व ती टिकली. 1906 साली तेथील अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी सुमारे 300 शब्दांची सुलभ रूपे सरकारी छपाईत चालविण्याचा हुकूम काढला, तो मात्र लोकांच्या हास्यात व विधिमंडळाच्या रोषात विरून गेला. बर्नार्ड शॉ 1950 साली वारला तो नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात तरतूद करून. त्या लिपीत त्याचे एक नाटक 1962 साली छापलेही गेले. लिपी जन्मली, परंतु तिला संसार मिळाला नाही.

ह्या सर्वांहून शहाणा प्रयत्न आयझॅकचा नातू सर जेम्स पिटमन ह्याचा. त्याने प्रौढांची सवय मोडण्याचा नाद सोडला आणि केवळ नवशिक्या मुलांसाठी 44 वर्णांची एक 'प्रारंभिक शिक्षण-वर्णमाला' रचली. एका ध्वनीस एक चिन्ह हे तिचे सूत्र. मोठ्या लिपीतील निराळी अक्षरे तीत नाहीत. तरीही 'सी' व 'के' ही दोन अक्षरे त्याने एकाच ध्वनीसाठी मुद्दाम राखली, कारण मुलास पुढे ज्या घरी नांदावयास जायचे आहे त्या घराची ओळख आधीच असावी, हा त्याचा हेतू होता. 1961 पासून इंग्लंडातील शाळांत ह्या वर्णमालेचा प्रयोग झाला. सातव्या वर्षाच्या आसपास मुलास रूढ लिपीत न्यावे, अशी योजना होती.

फळ काय मिळाले? आरंभीचे वाचन मुले लवकर व आनंदाने शिकली, ही गोष्ट परीक्षकांनी मान्य केली. 1969 साली वॉरबर्टन व साउथगेट ह्यांनी केलेल्या स्वतंत्र पाहणीचा निष्कर्षही सहानुभूतीचाच होता. परंतु लिपी पालटल्यावर पूर्वी मिळालेली आघाडी उतरत गेली, आणि शाळेची सुमारे तीन वर्षे संपेतो दोन्ही पद्धतींची मुले बहुतांशी एकाच पायरीवर येऊन उभी राहिली. शिक्षकास दोन प्रकारची पुस्तके, पालकास अपरिचित अक्षरे आणि मुलास दोनदा सुरुवात, इतका खर्च करून शेवटी बरोबरीच हाती आली. 1970 नंतरच्या दशकात ती पद्धत हळूहळू मागे पडली. आमच्या मते तिचा दोष तिच्या वर्णांत नव्हता, तर पुलाची एक बाजू बांधून दुसरी बाजू मुलावर सोपविण्यात होता.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी मुलास अशी वर्णमाला मुद्दाम रचून द्यावी लागत नाही. ती त्याच्या दप्तरात आधीच असते. मराठी शाळांतून 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. वसई-विरारच्या कोणत्याही आळीत संध्याकाळी कान दिला, तर "के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी" हा घोष आजही ऐकू येतो. ह्या त्रिपदीत पहिले पद डोळ्याचे, दुसरे कानाचे, तिसरे बुद्धीचे. मुलाच्या वहीत पाहावे तर इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर शिसपेनीने बारीक देवनागरी उच्चार लिहिलेला असतो. सर जेम्सने जे मोठ्या खटाटोपाने साधू पाहिले, ते आपली आई किंवा थोरला भाऊ कंदिलाच्या काळापासून बिनखर्चाने साधीत आला आहे.

ह्या सोयीचा अभिमान वाटावा असे वसईच्या मातीत एक कारणही आहे. सोपारे येथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो ब्राह्मी लिपीत आहे, आणि देवनागरी ही त्याच ब्राह्मीची वंशज. उच्चारस्थानांचा विचार करून वर्णांची वर्गवारी लावण्याची विद्या आपल्या पूर्वजांनी पिटमनपूर्वी कैक शतके हस्तगत केली होती. योगायोग असा की, ज्या 1837 साली पिटमनची पद्धती निघाली, त्याच साली प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे उलगडले.

परंतु अभिमान निराळा आणि परीक्षण निराळे. देवनागरी संस्कृताच्या मापाने बेतलेला अंगरखा आहे. इंग्रजीच्या अंगावर तो कोठे तोकडा तर कोठे ढगळ होतो. 'कॅट' आणि 'कॉट' ह्यांसाठी आपण चंद्राची चिन्हे घडविली, हे चांगलेच केले. पण ओठ व दात जुळवून काढावयाचा 'व' आणि नुसत्या ओठांचा 'व' हे दोन्ही एकाच अक्षरात कोंडले गेले. म्हणून 'वाइन' लिहिले म्हणजे द्राक्षाची वेल की द्राक्षाची दारू, हे कळण्यास मार्ग उरत नाही. 'झेब्रा' लिहिताना महाप्राण 'झ' ला भलतेच काम दिले जाते, आणि 'थिन' वाचताना मराठी मूल 'थाळी'तला 'थ' काढते. शब्दातील आघात दाखविण्याची सोय तर ह्या लिपीत मुळीच नाही; आणि आघात चुकला म्हणजे सारी अक्षरे बरोबर असूनही इंग्रजाला शब्द ओळखू येत नाही.

ह्याहून मोठी हानी डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. उच्चाराचे टिपण शब्दांची नाती लपविते. 'वॉक्ट', 'कॉल्ड', 'वाँटेड' असे तीन शब्द देवनागरीत लिहिले की मुलास तीन निराळे शेवट पाठ करावे लागतात; इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र तिन्ही ठिकाणी 'ई-डी' हा एकच प्रत्यय भूतकाळाची निशाणी म्हणून उभा आहे. 'साइन' मधला मुका 'जी' निरुपयोगी वाटतो. पण 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' ह्या भावंडांत तो बोलू लागतो. म्हणजे ज्यास आपण केवळ अंदाधुंदी म्हणतो, तीत पुष्कळ ठिकाणी अर्थाची व कुळाची शिस्त आहे. ती कानाने कळावयाची नाही, डोळ्यानेच कळावयाची. जो विद्यार्थी शब्दाच्या डोक्यावरील देवनागरीच वाचतो आणि खालच्या रोमी अक्षरांकडे पाहतच नाही, त्याच्या वाट्याला ही शिस्त कधीच येत नाही.

परक्या लिपीत भाषा नेण्याचा उलटा प्रयोगही आपल्या किनाऱ्यावर झालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. तो 1579 साली गोव्यास आला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राईतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. मूर्धन्य वर्णांसाठी अक्षर दुप्पट करणे, 'श' साठी 'एक्स' योजणे, अशा पोर्तुगीज वळणाच्या युक्तींनी त्याने मराठी ध्वनी रोमी अक्षरांत बसविले. ज्यास त्या खुणा ठाऊक त्यास ते सुरेख वाचता येई. इतरांस ते कोडेच वाटे. 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा सामान्य मराठी वाचकास त्या काव्याचे दार उघडले. ह्यावरून आम्ही इतकाच बोध घेतो की, कोणतीही लिपी आपोआप उच्चार सांगत नाही. तिच्यामागे लोकांचा एक करार असतो, आणि मुलास शिकवावयाचा असतो तो करार.

वसईचे नावच पाहा ना! पोर्तुगीजांनी ते आपल्या कानाने ऐकून 'बासाईं' लिहिले, इंग्रजांनी त्याचे 'बॅसीन' केले. 1802 चा तह इतिहासात त्याच नावाने नोंदला गेला आणि रेल्वेच्या फलकावर 'बॅसीन रोड' कित्येक वर्षे झळकत होते. प्रत्येकाने आपल्या मते उच्चाराप्रमाणेच लिहिले होते! प्रश्न इतकाच की, उच्चार कोणाचा?

हाच प्रश्न उच्चारानुसारी लिपीच्या पुरस्कर्त्यांस अडवितो. पिटमनच्या वर्णमालेत लंडनच्या सुशिक्षिताचा उच्चार गृहीत धरला, तर स्कॉटलंडच्या मुलास तीही परकीच. आपल्याकडे ही अडचण दुहेरी आहे. वसई तालुक्यात कोणाच्या घरी सामवेदी म्हणजे कादोडी बोलतात, कोणाच्या घरी वाडवळी, कोळी किंवा वारली. किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत 'पाणी' चे 'पानी' होते. अशा मुलास शाळेतील प्रमाण मराठी हीच पहिली परीक्षा. तिच्या अक्षरांतून त्याने आणखी परक्या इंग्रजीचा उच्चार काढावा, अशी आपण अपेक्षा करतो. एका परभाषेच्या शिडीवरून दुसरीवर चढणाऱ्या ह्या मुलाचा पाय घसरला तर त्यास मंदबुद्धी म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा होय. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या अशा मुलांत बुद्धीची वाण आम्हांस आढळत नाही. आढळते ती भीती. चारचौघांत इंग्रजी वाक्य वाचण्याची पाळी आली की ती मान खाली घालतात, आणि ही मान शाळेतच खाली गेलेली असते.

शिवाय आपणही आपल्या लेखनाविषयी फार फुशारकी मारू नये. 'चार' आणि 'चाक' ह्यांतील 'च' एक नव्हे, तरी अक्षर एकच. 'राम' ह्या शब्दातील शेवटचा 'अ' आपण लिहितो, बोलत नाही. 'ष' आणि 'श' ह्यांतील भेद बहुतेकांच्या जिभेवरून गेला, पण 'विष' आपण षटकोनातल्या 'ष' नेच लिहितो, आणि संस्कृत कुळाची खूण म्हणून ते योग्यही आहे. 1962 साली साहित्य महामंडळाने अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा उच्चाराला मान मिळाला. परंतु काही शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी खूणही त्याबरोबर गेली, अशी हळहळ जाणत्यांनी व्यक्त केलीच. म्हणजे उच्चार की परंपरा, हे भांडण इंग्रजांपुरते नाही. ऱ्हस्व-दीर्घासाठी छडी खाणारा मराठी मुलगा आणि 'ओ-यू-जी-एच' साठी रडणारा इंग्रज मुलगा हे एकाच दुःखाचे भागीदार आहेत.

मग निर्णय काय? देवनागरीची काठी अजिबात मोडून टाकावी, असे आमचे मत नाही. नव्या शब्दाची पहिली भेट ती काठी घेऊन व्हावी. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या भेटीस ती दाराबाहेर ठेवावी. शिक्षकाने शब्द मोठ्याने उच्चारावा, मुलाने तो ऐकून स्वतः टिपावा, आणि आठवड्याच्या आत ते टिपण खोडरबराने पुसावे. शब्द सुटेसुटे न शिकविता कुळांनी शिकवावेत: 'नाइट', 'लाइट', 'राइट' एका ओळीत, 'साइन' व 'सिग्नल' एका ओळीत. जेथे खरोखरच नियम नाही तेथे नियम नाही असे मुलास स्पष्ट सांगावे, आणि त्या शब्दाची गोष्टही सांगावी. 'डेट' मधल्या 'बी' ची हकीकत ज्याने एकदा ऐकली तो ते अक्षर जन्मात विसरणार नाही. बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी शिक्षणाच्या ज्या पुस्तकांत अखेरच्या पानापर्यंत प्रत्येक शब्दास देवनागरी उच्चार जोडलेला असतो, ती मुलास इंग्रजी शिकवीत नाहीत. इंग्रजीशिवाय इंग्रजी वाचल्याचा भास तेवढा देतात. त्यांच्या लेखकांनी पुस्तकाचा उत्तरार्ध तरी ह्या टिपणांवाचून छापण्याचे धैर्य दाखवावे.

आज एक नवेच दृश्य दिसते. हीच मुले मोठी झाली की मोबाइलवर आपले मराठी रोमी अक्षरांत लिहितात, प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगने. स्टीफन्सने निदान नियम बांधले होते. येथे नियमही नाही. लहानपणी इंग्रजी देवनागरीत आणि मोठेपणी मराठी रोमीत, असा हा उफराटा व्यवहार ज्या पिढीच्या अंगवळणी पडेल, तिला दोन्ही लिप्या येतील आणि दोहोंपैकी एकही तिची होणार नाही. पालकांनी ह्या गोष्टीकडे करमणूक म्हणून पाहू नये. प्रत्येक भाषा तिच्या स्वतःच्या वेषात ओळखण्याची सवय मुलास लावणे हे घराचे व शाळेचे समाईक काम आहे, आणि ते आठ-दहा वर्षांच्या वयात झाले नाही तर पुढे महाविद्यालयात आमच्यासारख्यांच्या हातून होणे कठीण.